'अनियंत्रित' की 'अनियंत्रणीय'?

भाषांतरी: स्वयंचलनावरच्या एका लेखाचं भाषांतर करतेय. त्यात घटनांचे दोन गट आहेत. यंत्र सुरू होणं 'कंट्रोलेबल'. काम पुरं होणं किंवा यंत्र बिघडणं 'अनकंट्रोलेबल'. मी 'अनियंत्रणीय' लिहिलं, संपादकांनी जड वाटतं म्हणून 'अनियंत्रित' केलं. चालेल?

रिलेवाला: अजिबात नाही. अनियंत्रित म्हणजे ताबा सुटलेलं. काम पुरं होणं ही चांगली अपेक्षित घटना आहे, फक्त सुपरवायझरला, म्हणजे यंत्रांवर देखरेख ठेवणाऱ्या नियंत्रकाला, ती रोखता येत नाही. नियंत्रणशास्त्रातले संशोधक रॅमेज आणि वोनम यांच्या १९८७च्या शोधनिबंधातली मांडणीच तशी आहे: सुपरवायझर काही घडवून आणत नाही, काही घटनांना मज्जाव करतो, बस. समजा दोन यंत्रं आहेत आणि मधे एकाच नगापुरती जागा. ती भरलेली असताना पहिलं यंत्र सुरू होऊ दिलं तर पुढे त्याचं काम संपणं अडवता येत नाही, आणि नग ठेवायचा कुठे? म्हणून अडवायचं ते सुरू होणंच. माझं मत 'अरोध्य'ला.

खडीसाखर: अरोध्य! वाचणार कोण? 'न रोखता येणारी' लिहा की सरळ.

जुना वाचक: आणि सुपरवायझर कशाला? 'मुकादम' आहे ना. मूळ अरबी, पण मराठीत पुरता मुरलेला.

रिलेवाला: मुकादम कामाला जुंपतो. हा फक्त 'नको' म्हणतो. परीक्षेतला पर्यवेक्षक त्यातल्या त्यात जवळचा: उत्तर सांगत नाही, कॉपी करू देत नाही.

खडीसाखर: 'करू देत नाही' हे तुमचं म्हणणं :)

तत्सम: परि + अव + ईक्ष्. पर्यवेक्षक पाहणारा, अडवणारा नव्हे. बरं, अशा सलग नसलेल्या, एकेकट्या घडणाऱ्या घटनांना 'डिस्क्रीट' म्हणतात, त्याला काय योजलंय? मी 'विविक्त' लिहितो.

भाषांतरी: ते नंतर बघू हो, आधी माझं 'अनियंत्रणीय'...

जुना वाचक: विविक्त म्हणजे एकांतातलं. गीतेतलं 'विविक्तदेशसेवित्वम्' आठवा.

तत्सम: मूळ अर्थ 'वेगळं केलेलं'. 'विवेक' त्याच धातूचा.

खडीसाखर: म्हणजे विवेकी घटना? 'सुट्या घटना' म्हणा.

जुना वाचक: दिवाळीच्या सुट्या वाटतील.

रिलेवाला: 'तुटक' कसा वाटतो? टाकीतलं पाणी सलग चढतं. इथे कितीही वेळ जावो, घटना घडली तरच अवस्था बदलते.

तत्सम: तुटक माणूस बोलतो. प्रणाली कशी तुटक असेल?

रिलेवाला: आमच्याकडची बघायला या.