हेल्मेट घातलं तरी कानात प्लग पाहिजेच
एका दादांनी लिहिलंय की बाईकवर हेल्मेट असल्यावर कानाला वेगळं काही लागत नाही आणि प्लग घातले तर मागचा हॉर्न कळणार नाही, त्यावर सांगतो. हेल्मेट डोकं वाचवतं, आवाज नाही अडवत. डर्ट बाईकच्या (माती-खडकात चालवायच्या बाईकच्या) हेल्मेटला तर काचही नसते, गॉगल लावायचा, मग वारं सरळ आत घुसतं. साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्यांकडं जाऊन बघा, आणि त्यात आपली पोरं सायलेन्सर बदलून बसवणार!

हिशोब असा असतोय बघा, ८५ डेसिबल आवाज कानाला दिवसाला ८ तास चालतो, पुढं दर ३ डेसिबलला वेळ निम्मा, म्हणजे १०० ला जेमतेम १५ मिनिटं. एवढा आवाज असेल तर साताऱ्यातून निघालात की ठोसेघर यायच्या आधीच ती संपली. रात्री कानात कुईऽऽ वाजतं ते सकाळी थांबलं म्हणून निवांत राहू नका, आतल्या पेशी एकदा मेल्या की परत येत नाहीत.

साधा फोमचा प्लग घ्या, स्वस्त असतो. बोटांत वळून बारीक करायचा, दुसरा हात डोक्यावरून घेऊन कान वर-मागं ओढायचा, प्लग आत सारायचा आणि फुगेपर्यंत २०-३० सेकंद बोटानं दाबून धरायचा, नुसता तोंडाशी अडकवला तर काही उपयोग नाही. हॉर्न ऐकू येतो हो, उलट वाऱ्याचा घोंगाट कमी झाल्यानं जास्त स्पष्ट कळतो. ज्यांना आधीच कमी ऐकू येतंय त्यांनी मात्र पहिलं कानाच्या डॉक्टरांना विचारा.