मोटर बसवलेल्या सायकलची स्प्रॉकेटे एका रेषेत आहेत का, हे तपासण्याचे घरगुती साधन कसे करावे?

प्रश्न

नमस्कार. मी सायकलवर टू-स्ट्रोक इंजिनाचा संच बसवला आहे. मागच्या चाकाच्या स्पोकना रबरी चकत्यांमध्ये आवळलेले स्प्रॉकेट (चेन ज्यावर फिरते ते दातेरी चाक) ४४ दात्यांचे आहे आणि इंजिनाचे १० दात्यांचे. चेन सतत खडखडते आणि आतापर्यंत दोनदा उतरली; दुसऱ्या वेळी ती टेन्शनरच्या (चेन ताणून धरणाऱ्या भागाच्या) पुलीत अडकली आणि चाक जागच्या जागी थांबले, म्हणून आता हा प्रश्न टाळता येत नाही. चेनच्या आतील पट्ट्या एकाच बाजूने घासून चकाकू लागल्या आहेत, त्यामुळे दोन्ही स्प्रॉकेटे एका रेषेत नसावीत असे मला वाटते. दोरी ताणून पाहिली, परंतु प्रत्येक वेळी वेगळेच माप आले. घरी करता येईल आणि ज्यावर विसंबता येईल, असे एखादे साधन कृपया सुचवावे.

पहिले उत्तर

दोरी दात्याला जराशी जरी टेकली तरी वाकते, म्हणून तिच्यापेक्षा ३ मिमी जाडीची, सुमारे ७० सेंमी लांबीची ॲल्युमिनियमची चपटी पट्टी घ्यावी. ती सरळ आहे का, हे आधी पाहणे अत्यंत आवश्यक आहे: पट्टी सपाट फळीवर कडेवर उभी धरून तिच्या एका अंगाने टोकापासून टोकापर्यंत बारीक रेघ ओढावी, मग पट्टी उलटवून त्याच दोन टोकांमधून त्याच अंगाने दुसरी रेघ ओढावी. मधोमध दोन रेघांत जेवढे अंतर दिसेल, त्याच्या निम्मा बाक पट्टीत आहे.

चेन काढावी, इंजिनाच्या स्पार्क प्लगची टोपी काढून ठेवावी आणि चेन ज्या वाटेने जाते त्याच वाटेने पट्टी मागच्या स्प्रॉकेटवर, ॲक्सलच्या नटाच्या थोडी वर, दोन लहान सी-क्लॅम्पने बसवावी. टेकू, म्हणजे पट्टी स्प्रॉकेटला टेकते त्या दोन जागा, मात्र दात्यांच्या मुळाशीच असावेत, कारण या संचांमधले मागचे स्प्रॉकेट बशीसारखे खोलगट असते आणि बोल्टजवळचा भाग दात्यांच्या पातळीत नसतो. ४४ दाते आणि १२.७ मिमी पिच (चेनच्या लगतच्या दोन पिनांमधील अंतर) म्हणजे सुमारे १७८ मिमी व्यास; त्यावर एका टेकूखाली अर्धा मिमी ग्रीस राहिले, तरी अर्ध्या मीटरवरच्या इंजिनापाशी सुमारे दीड मिमी चूक दिसते. म्हणून दोन्ही जागा घासून पुसाव्यात. माप घेताना सायकल उभीच असू द्यावी. आडवी ठेवली तर पट्टी स्वतःच्या वजनाने लवते.

दुसरे उत्तर

वरील पद्धत योग्य आहे, परंतु एक भर घालतो. इंजिनाचे स्प्रॉकेट बाहेर आलेले असेल तर ते पट्टीलाच बाहेर ढकलते आणि सगळे जुळल्यासारखे भासते. यासाठी दोन्ही टेकूंखाली एकाच जाडीचे एकेक वॉशर ठेवावे आणि पुढे इंजिनाच्या स्प्रॉकेटपाशी पट्टी व दाते यांमधील फट मोजावी. दोन्ही स्प्रॉकेटांच्या दात्यांची जाडी सारखी असेल, तर फट वॉशरच्या जाडीइतकीच यायला हवी. जाडी वेगळी असल्यास त्या फरकाचा निम्मा भाग हिशेबात धरावा.

आणि कृपया त्याआधी चाकाचा डुलारा, म्हणजे फिरताना स्प्रॉकेटचे आत-बाहेर डुलणे, पाहा. फ्रेमला एक तार बांधून तिचे टोक दात्यांपासून केसभर अंतरावर ठेवावे आणि चाक सावकाश फिरवावे. स्प्रॉकेट आत-बाहेर होत असेल, तर तुमची मापे चाक कोठे थांबले यावर बदलत राहतील, आणि मला वाटते दोरीने मापे वेगळी येण्याचे कारण तेच असावे.

प्रश्नकर्ता

आपण दोघांनी इतके बारकाईने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. डुलारा खरोखरच २ मिमीपेक्षा अधिक निघाला. नऊ बोल्टांपैकी एका बाजूचे तीन मी आधी पूर्ण आवळून टाकले होते, त्यामुळे तिथले रबर दबून चकती तिरकी झाली होती. सर्व बोल्ट सैल करून, समोरासमोरचे बोल्ट पाव-पाव फेरा आवळत गेलो, तेव्हा डुलारा १ मिमीच्या आत आला. त्यानंतर पट्टी लावून चाकाच्या चार स्थितींत माप घेतले असता मागचे स्प्रॉकेट सरासरी ३ मिमी आत असल्याचे दिसले. आता ते उलट बाजूने बसवून पाहणार आहे, मात्र स्टेला (फ्रेमच्या मागच्या चाकाकडे जाणाऱ्या नळीला) लागते का हे आधी तपासूनच; टेन्शनरला हात त्यानंतर लावीन.