पक्षाला मिळते ती देणगी, वर्गणी की निधी?

विचारणा

एका पक्षातल्या अंतर्गत भांडणावर मराठीत लेख लिहितो आहे. कार्यकारिणीतली जुनी मंडळी म्हणतात, ठरावीक बडे लोक सांभाळा, निवडणूक लागली की तेच धावून येतात. नवे म्हणतात, लाख लोकांकडून शंभर-शंभर रुपये घ्या. दोन्हीला ‘निधी संकलन’ म्हटलं तर भांडण नेमकं कशावरून आहे तेच कळत नाही. शिवाय ‘पिढीसंघर्ष’ हा शब्द मला फार कागदी वाटतो. राजकारणातले लोक स्वतः काय म्हणतात?

प्रतिसाद

‘निधी’ आधी बाजूला ठेवा. निधी म्हणजे साठा. पैसा आला कुठून, हे तो सांगत नाही. त्यात १९९३ पासून खासदार निधी आहे, जोडीला आमदार निधी आहे. ‘साहेबांनी निधी आणला’ म्हटलं की वाचकाच्या डोळ्यांपुढे रस्ता किंवा समाजमंदिर येतं, म्हणजे सरकारी पैसा. पक्षाच्या पैशाबद्दल बोलायचं तर ‘पक्षनिधी’ असं पूर्ण लिहा, तेही एकूण रकमेपुरतंच.

तुमच्या भांडणाची खरी जोडी देणगी आणि वर्गणी ही आहे. दोन्हींची क्रियापदं बघा. देणगी देतात, जाहीर करतात, नाकारतातही. वर्गणी भरतात, ती गोळा होते, थकते, वसूल करावी लागते. थकलेली देणगी कोणी ऐकली आहे का? देणगीचा आकडा देणारा ठरवतो, वर्गणीचा आकडा मागणारा ठरवतो: घरटी इतके, माणशी इतके. दुसरा फरक जास्त महत्त्वाचा. वर्गणी भरणारा हिशेब मागतो, कारण त्याला आपला वाटा दिसत असतो. देणगीदाराला हिशेबाशी फारसं देणंघेणं नसतं, त्याला भेटीची वेळ हवी असते. तुमचे नवे लोक पैशाबरोबर हा हिशेब मागणारा माणूसही पक्षात आणू बघताहेत, आणि जुन्यांना माझ्या मते धास्ती त्याचीच आहे.

हे काही आजचं नाही. १९२० च्या नागपूर अधिवेशनात काँग्रेसने नवी घटना केली आणि सभासदत्वाला वर्षाचे चार आणे ठेवले. ही सरळसरळ वर्गणी. पुढे १९३४ मध्ये गांधीजी काँग्रेसमधून बाहेर पडले, तेव्हा ते चार आण्यांचेही सभासद उरले नाहीत असं म्हणत. १९२१ चा टिळक स्वराज्य फंड मात्र मिश्र होता. ३० जूनपर्यंत एक कोटी रुपये जमवायचे ठरले आणि ते जमलेही. त्यात सामान्यांची चिल्लर होती तशा मुंबईच्या धनिकांच्या घसघशीत रकमाही होत्या. ‘फंड’ हा परका शब्द दोघांनाही पोटात घेऊन बसला.

डिसेंबर २०२३ मध्ये काँग्रेसने ‘डोनेट फॉर देश’ मोहीम काढली तेव्हा याच फंडाचा दाखला दिला. पक्षाला १३८ वर्षं झाली म्हणून १३८ रुपये, १,३८० किंवा १३,८००. बातम्यांत सर्रास ‘क्राउडफंडिंग’ छापून आलं. आपल्याकडे ‘लोकवर्गणी’ तयार असताना! तरी काटेकोर बोलायचं तर ते प्रकरण अधलंमधलं होतं. आकडे पक्षाने ठरवले हे वर्गणीसारखं, पण द्यायचेच असं बंधन नाही, हे देणगीसारखं.

प्रतिसाद

वर्गणीवरून ‘पावती फाडणे’ आठवलं. पावतीपुस्तक हातात घेऊन फिरलेल्यांना माहीत असेल: पानाखाली कार्बन सरकवायचा, नाव, ‘अक्षरी रुपये’, सही, मग छिद्रांच्या रेघेवर पट्टी धरून वरचं पान फाडून द्यायचं आणि स्थळप्रत पुस्तकात ठेवायची. वर्गणीत स्थळप्रतीला सगळं महत्त्व, कारण रात्री पैसे तिच्याशी जुळवायचे असतात. ‘त्यांची पाच हजारांची पावती फाडली’ म्हणजे त्यांच्याकडून तेवढे काढले. आणि ‘पराभवाची पावती तरुणांच्या नावावर फाडली’ हा पुढचा अर्थ तर तुमच्या लेखात नक्की लागेल.

प्रतिसाद

रोख आणि रोखे ही जोडीही घ्या. २०१७ च्या अर्थसंकल्पात पक्षांनी एका व्यक्तीकडून रोखीत घ्यायच्या देणगीला २,००० रुपयांची मर्यादा घातली गेली आणि २०१८ पासून निवडणूक रोखे, म्हणजे बँकेतून विकत घेऊन पक्षाला द्यायचे कागद, आले. नगदीचा ‘रोख’ आणि कागदाचा ‘रोखा’ यांत एका कान्याचा फरक. १५ फेब्रुवारी २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने ती योजना घटनाबाह्य ठरवली. देणाऱ्याचं नाव मतदारापासून लपतं, हा मुख्य आक्षेप होता. रोखे विकत घेणाऱ्याला वर्गणीदार कोणीच म्हटलं नाही, हे लक्षात घ्या.

प्रतिसाद

थोडं विषयांतर, पण फार नाही. हायकमांडला आपण ‘पक्षश्रेष्ठी’ म्हणतो. डोक्यात ‘श्रेष्ठ’ असतं. संस्कृतात मात्र ‘श्रेष्ठी’ म्हणजे व्यापाऱ्यांच्या श्रेणीचा, म्हणजे संघाचा, प्रमुख, मोठा सावकार; आपला ‘शेठ’ तिथूनच आला. तेव्हा ‘पक्षश्रेष्ठी’ आणि ‘शेठजी’ एकाच कुळातले! जुने-नवे वादात हे कुळ १९६९ मध्ये उघडं पडलं. काँग्रेसमधल्या ज्येष्ठांच्या गटाला ‘सिंडिकेट’ म्हणत, मग इंदिरा गांधींच्या गटाला चिडवायला ‘इंडिकेट’ निघालं. सिंडिकेटमधले मुंबईचे स. का. पाटील उद्योगपतींकडून पक्षासाठी पैसा उभा करण्यात वाकबगार होते. त्याच वर्षी कंपन्यांनी पक्षांना देणग्या देण्यावर कायद्याने बंदी आली. ती १९८५ मध्ये उठली.

प्रतिसाद

आता ‘पिढीसंघर्ष’. तो शब्द समाजशास्त्राच्या वर्गात ठीक आहे. राजकारणात ‘तरुण तुर्क’ चालतं, पण जपून वापरा. तुर्कस्तानातल्या १९०८ च्या क्रांतीवाल्यांचं हे नाव आपल्याकडे काँग्रेसमधल्या चंद्रशेखर, मोहन धारिया वगैरे मंडळींना चिकटलं. १९६९ मध्ये दोघेही चाळिशी ओलांडलेले होते.

‘जहाल-मवाळ’ तर इथे मुळीच नको. लोक ते तरुण-म्हातारे या अर्थाने वापरतात, पण १९०७ ला सुरतेत काँग्रेस फुटली तेव्हा जहाल टिळक ५१ वर्षांचे होते आणि मवाळ गोखले ४१ वर्षांचे. टिळक आपल्या बाजूला ‘नवा पक्ष’ म्हणत, ते विचारांवरून.

अस्सल मराठी प्रयोग हवा असेल तर ‘भाकरी फिरवणे’. एप्रिल २०२३ मध्ये शरद पवार भाकरी फिरवण्याबद्दल बोलले, २ मे रोजी त्यांनी अध्यक्षपद सोडत असल्याचं जाहीर केलं आणि तीन दिवसांत तो निर्णय मागेही घेतला. या वाक्प्रचारात एक गोम आहे. भाकरी स्वतः फिरत नाही, चुलीपुढे बसलेला फिरवतो. त्यामुळे तो थोरल्यांच्या तोंडीच शोभतो. धाकट्याला तो वापरता येत नाही, त्याला सरळच बोलावं लागतं. जुलै २०२३ मध्ये अजित पवारांनी भर सभेत काकांचं वय काढून थांबणार आहात की नाही, असं विचारलं, ते तसंच.

आणि ‘मार्गदर्शक मंडळ’. भाजपने ऑगस्ट २०१४ मध्ये वाजपेयी, अडवाणी, जोशी यांना त्यात घेतलं. (मोदी आणि राजनाथ सिंहही त्यात होते, हे बहुतेक जण विसरतात.) आता कोणत्याही पक्षातल्या बाजूला केलेल्या ज्येष्ठाबद्दल ‘मार्गदर्शक मंडळात गेले’ म्हणतात. यातला टोमणा न कळणारा मराठी वाचक विरळा.

विचारणा करणारा

झकास. आता खर्चाचं सांगा. ‘निधीच्या वापराचा प्राधान्यक्रम’ असं लिहिवत नाही.

प्रतिसाद

नकाच लिहू. ‘आधी कशावर खर्च करायचा’ म्हणा. तुमच्या जुन्या मंडळींसाठी ‘रसद’ हा नेमका शब्द आहे. मूळ लष्करातला, ऐन लढाईत दाणागोटा पोचवतात, तशी उमेदवाराला रसद. तो शब्द निवडणुकीपुरता जागा होतो. बारमाही खर्चासाठी ‘मानधन’, ‘कार्यालयाचं भाडं’ असे रुक्ष शब्दच बरे. डाव्या पक्षांत सभासद आपल्या उत्पन्नातून देतात ती ‘लेव्ही’. ती तशीच ठेवा, तिथे वर्गणी म्हटलं तर कॉम्रेड हसतील.

तुमचं वाक्य असं होईल: ‘ज्येष्ठांचा भर मोजक्या बड्या देणगीदारांवर आणि निवडणुकीत उमेदवारांना रसद पोचवण्यावर. तरुण मंडळींना सभासदांची वर्गणी वाढवून तालुक्याच्या कार्यालयात बारा महिने माणूस बसवायचा आहे.’

विचारणा करणारा

यातली तरुण मंडळी पंचेचाळीस ते बावन्न या वयाची आहेत. ‘तरुण’ चालेल?

प्रतिसाद

राजकारणात चालतं. अवतरणात घालू नका म्हणजे झालं.