मदत हवी आहे: भट्टीसाठी हाय अ‍ॅल्युमिना सिमेंटची आयात आणि आयएसआय

मंडळी, भट्टीच्या अस्तरासाठी ७० टक्के अ‍ॅल्युमिनाचं सिमेंट न्हावा शेवामार्गे आणायचं आहे, एचएस कोड (कस्टम्सचा माल-वर्गीकरण क्रमांक) २५२३३०००. सिमेंटला आयएसआय मार्क सक्तीचा करणाऱ्या सिमेंट गुणवत्ता नियंत्रण आदेश, २००३ मधलं आयएस ६४५२ हे मानक 'स्ट्रक्चरल' (बांधकामाच्या) वापरासाठीचं आहे. आपला वापर रिफ्रॅक्टरी, म्हणजे उष्णता झेलणाऱ्या अस्तरासाठी. कस्टम्सपुढे हा फरक कोणत्या कागदांवर टिकतो? मिल टेस्ट सर्टिफिकेट (कारखान्याचा चाचणी अहवाल), डेटाशीट आणि वापराचं हमीपत्र पुरतं का, की बीआयएसचं (भारतीय मानक ब्यूरोचं) लेखी स्पष्टीकरण आधीच घ्यावं?

आयएसआय मार्कचा बीआयएस परवाना लागलाच तर तो आयातदाराला नाही, परदेशी कारखान्याला मिळतो. कारखान्याची तपासणी, भारतातला अधिकृत प्रतिनिधी, बँक गॅरंटी... पाच टनांसाठी कोण एवढं करणार? आणि माल बंदरात अडकला तर दमट हवेत गोण्यांत गुठळ्या होतात, म्हणून उत्तर जहाज निघण्याआधी हवं. हे केलेल्या कुणी सांगाल का?