‘गेट बॅक टू यू’ म्हणजे माल परत येणार का?

उद्यमनगरकर: कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आमचं छोटं मशीन शॉप आहे. परदेशातल्या एका गिऱ्हाइकाला व्हॉल्व्ह बॉडीचे सॅम्पल पाठवले होते. मेल आला, ‘वी विल गेट बॅक टू यू बाय फ्रायडे.’ मी धरून चाललो की शुक्रवारपर्यंत माल परत येणार. दोन दिवस इथल्या पीसच्या प्रत्येक बोअरमध्ये (भोकात) माप तपासायचा प्लग गेज घालून बघत बसलो, पुढचा लॉट मशीनवर चढवलाच नाही. शुक्रवारी मेल, सॅम्पल पास! पोरीच्या डिक्शनरीत तर ‘गेट बॅक’ला ‘परत येणे’ असंच दिलंय.

राजारामपुरीच्या बाई: दादा, डिक्शनरी बरोबर आहे, पण तुम्ही ‘टू यू’ सोडून वाचलंत. नुसतं ‘गेट बॅक’ म्हणजे परत पोचणं. पोरगं पुण्याला निघालं की स्टँडवर आई सांगते ना, ‘पोचलास की फोन कर’? तेच तिथून घरी परतताना सांगायचं तर ‘कॉल मी व्हेन यू गेट बॅक.’ पुढे ‘टू’ आणि माणूस आला, की बहुतेक वेळा ‘बघून कळवतो’. ‘टू’ आणि काम आलं, ‘गेट बॅक टू वर्क’, की पुन्हा कामाला लागणं. माल परत हवा असता तर वस्तू मधे बसली असती: ‘गेट द सॅम्पल्स बॅक’. आणि ‘ॲट’ मात्र जपून वापरा. ‘गेट बॅक ॲट यू’ म्हणजे उट्टं काढणं, एका शब्दानं गिऱ्हाईक दुखावेल. शाळेत आम्ही ‘बॅक म्हणजे परत’ एवढंच घोकून घेतलं, त्याचं मला आजही वाईट वाटतं. क्रियापद शिकवायचं तर पुढच्या शब्दासकट शिकवायला हवं.

गूळवाला: आमच्याकडं सगळे ‘प्लीज रिव्हर्ट’ लिहितात. ते चालतंय का?

राजारामपुरीच्या बाई: आपल्याकडच्या ऑफिसात चालतं. बाहेरच्याला मात्र ‘रिव्हर्ट’ म्हणजे पूर्वीच्या स्थितीवर जाणं वाटतं. त्याला सरळ ‘प्लीज रिप्लाय’ लिहा. ‘रिटर्न बॅक’सुद्धा नको, ‘रिटर्न’मध्येच ‘परत’ आलं.

उद्यमनगरकर: बाई, लई उपकार झाले. आत्ताच मेल टाकला, ‘आय विल गेट बॅक टू यू विथ द डिलिव्हरी डेट बाय मंडे.’ आता सोमवारच्या आत फौंड्रीवाल्याकडनं कास्टिंगची तारीख घेतो.