आबांच्या कोयी

दादा (नर्सरी): आबांना जाऊन आज सहावा दिवस. दहाव्याचं सामान आई बघतेय. मला दुसरंच एक विचारायचंय. वाफ्यावर आंब्याच्या चारशे कोयी उगवल्यात, पानं अजून तांबडी आहेत. चार-पाच दिवसांत हिरवी झाली की कलम नीट धरत नाही. सुतकात कलमं बांधायची की यंदा सोडून द्यायची? मला एकट्याला ठरवता येईना.

मोठे काका: दहावं होऊ दे की. लोक नावं ठेवतील.

बाबा: अण्णा, आपली आई गेली तेव्हाचं आठवतंय? 2006 चा पावसाळा. आबा तिसऱ्या दिवशी राख सावडून आले आणि आंघोळ करून थेट शेडमध्ये गेले. भावकीतल्या बायका कुजबुजल्या तर एवढंच म्हणाले, "सुतक मला हाय, रोपाला न्हाई." डोळ्यांतलं पाणी थांबत नव्हतं आणि हात चालूच.

मोठे काका: आठवतंय. पट्ट्या मीच कापून देत होतो.

मी: हे मला कुणी कधी सांगितलंच नाही. लहानपणी मला एका गोष्टीचा राग यायचा. गल्लीतले सगळे माळकरी आषाढीला पंढरपूरला निघायचे आणि आमचे आबा, गळ्यात माळ, कपाळाला बुक्का, आणि राहायचे घरीच. मैत्रिणी विचारायच्या, तुझे आबा वारकरी कसले?

धाकटे काका: आषाढ म्हणजे कोय कलमाचा हंगाम, पोरी. जुलै-ऑगस्टात आपल्याकडं हवाच ओली, त्यामुळं रोपावर बांधलेली चांगल्या झाडाची काडी सुकत नाही. ते कार्तिकीला जायचे, एकही चुकवली नाही. मी एकदा खोदून विचारलं होतं. त्यांनी अरणच्या सावता माळ्यांची गोष्ट सांगितली. सावता महाराज मळा सोडून पंढरपूरला गेले नाहीत, म्हणून आजही पांडुरंगाची पालखी पंढरपूरहून अरणला त्यांना भेटायला जाते. मग म्हणाले, "मी हंगाम टाकून गेलो तर तो पहिलं हेच विचारणार, रोपं कुणाच्या भरवशावर सोडलीस?"

आत्या (निपाणी): आणि शेडमध्ये हरिपाठ असायचाच की. मला त्यांनी तसंच शिकवलं. एक अभंग संपला की एक कलम बांधून झालं पाहिजे. खुंट, म्हणजे कोयीचं रोप, वीतभराच्या आत छाटायचा, मधोमध चीर, काडीला पाचरीसारखा दोन्हीकडून काप, साल सालीला लागली पाहिजे, मग पट्टी. अभंगाच्या मध्ये बोललेलं त्यांना खपायचं नाही. घाईनं बांधलं तर सोडून परत बांधायला लावायचे. लग्नाआधी मी दिवसाला शंभर-सव्वाशे बांधत होते.

आई: 2019 च्या ऑगस्टात पाणी शिरलं तेव्हा मी नर्सरीत होते. पिशव्या तरंगत होत्या. रोपांसाठी आगाऊ पैसे दिलेल्या माणसांची वही आबांनी डोक्यावर धरून बाहेर काढली. नंतर एकेकाला बोलावून पैसे परत केले. दोघे-तिघे नको म्हणाले, पुढच्या वर्षी रोपं द्या म्हणाले. तरी हातात ठेवले. त्या वर्षी दिवाळीला घरात नवं कापड आलं नाही, पण मला ते कधी खुपलं नाही.

धाकटे काका: नर्सरीतल्या पाट्या बघा एकदा. आंबा, खाली कन्नडमध्ये मावु. फणस, खाली हलसु. मोगरा, खाली मल्लिगे. स्वतः अक्षर जुळवत लिहिलेल्या. इकडं सीमाभागात भाषेवरून एवढं काय काय झालं, पण बैलहोंगलकडची माणसं आली की कन्नडमध्ये बोलायचे, खानापूरची आली की मराठीत. आणि जाताना प्रत्येकाच्या हातात तुळशीचं एक रोप. त्याचे पैसे कधी घेतले नाहीत.

मी: कलम लावून झालं तरी आबा गिऱ्हाइकाला फोन करायचे. पिशवी फाडली का, जोड मातीच्या वर आहे का, खालून फुटवा आला तर खुडा. आणि तीन वर्षं मोहोर काढून टाका. माझ्या शेजारणीला मोहोर काढवेना, तर तिला म्हणाले, "लेकराच्या डोक्यावर ओझं देतो का आपण?"

दादा (नर्सरी): एक राहिलंच सांगायचं. आत्ता मातृवृक्षाकडं, ज्याच्या काड्या आपण कलमाला घेतो त्या झाडाकडं, जाऊन आलो. पानं आधी कापून ठेवली तरच काड्या कलमाला तयार होतात. मला वाटलं होतं त्या तयार नसतील, यंदाचा हंगाम तसाही गेला. पण चांगल्या काड्यांची पानं कुणीतरी आधीच कापलीत. देठ तेवढे ठेवलेत, काही गळालेत. डोळे फुगलेत. नऊ-दहा दिवसांपूर्वीचं काम दिसतंय. मी तर केलं नाही.

बाबा: आबांनीच.

मोठे काका: त्या दिवसांत त्यांना जिना चढवत नव्हता.

आई: फांद्या खालच्याच असतील. काठी घेऊन गेले होते संध्याकाळी. मी रागावले होते त्यांना, पावसात कशाला जाता म्हणून.

(बराच वेळ कुणीच काही लिहिलं नाही.)

आत्या (निपाणी): दादा, ऐक. लग्न झालेल्या लेकीला तीन दिवसांचं सुतक. माझं फिटलं. कुणी नावं ठेवणार असेल तर माझ्याकडं पाठव. सकाळच्या पहिल्या बसनं येते. काड्या आज काढू नको, मी आल्यावर काढू आणि ओल्या गोणपाटात ठेवू. आबांचा चाकू दगडावर घासून ठेव. तुझ्या नव्या चाकूनं मला जमणार नाही.

दादा (नर्सरी): बस स्टँडला येतो, आत्या.

मोठे काका: पट्ट्या मी कापतो.

आत्या (निपाणी): दोन सेंटीमीटर, अण्णा. रुंद कापू नकोस.