प्रतिसाद: उन्हाळी चित्रकला शिबिरं

मुलांच्या शिबिरात काय शिकवावं यावर वर दोघांनी म्हटलंय की वारली (वारली आदिवासींची भित्तिचित्रं) म्हणजे तपकिरी कागदावर पांढऱ्या ॲक्रिलिकने माणसं काढायची, दोन तासांत काम फत्ते. अगदी मान्य! पण म्हणून वारलीच वगळा, हे काही पटलं नाही.

मुलांना आधी पुठ्ठ्यावर गेरू सारवू द्या. तांदूळ भिजवून वाटायचे, त्यात थोडा डिंक. कुंचला म्हणजे टोक ठेचून मऊ केलेली बांबूची काडी. गंमत अशी की ही रेघ ओली असताना नीट दिसतच नाही, वाळली की पांढरी उमटते. मुलं हटकून पुन्हा गिरवायला जातात, तेव्हा थोपवायला लागतं. वारल्यांच्या लग्नात सुवासिनी भिंतीवर देवचौक (देवीसाठीचा चौकोन) काढतात, मध्ये पालघट देवी असते, एवढं सांगितलं तरी त्रिकोणांनी काढलेल्या आकृत्यांमागचा माणूस कळतो. वारली चित्रकार जिव्या सोमा मशे (पद्मश्री, २०११) यांची चित्रंही जरूर दाखवा. मासेमारीच्या एकेका जाळ्यात किती रेघा आहेत ते बघून मुलं गप्प होतात.

एलिमेंटरी-इंटरमिजिएट या सरकारी चित्रकला परीक्षांच्या तयारीबद्दल: सातवीच्या आतल्या मुलांच्या शिबिरात भूमिती आणि अक्षरलेखन घुसवू नये असं माझं मत. पालक नाराज होतील, होऊ देत.

आणि वेळ सकाळचीच ठेवा. मेच्या दुपारी पोस्टर कलर पॅलेटवरच सुकतो, जलरंगाचा वॉश (पातळ रंगाचा सलग हात) तर कागदाच्या निम्म्यावर पोचायच्या आत कडा धरतो. सावंतवाडीकडचं कुणी असेल तर गंजिफाचे (हाताने रंगवायच्या पारंपरिक खेळाचे) गोल पत्ते करवून घ्या, लहान हातांना तो आकार छान जमतो.